रोज उघडणारे स्मारक : पार्ले टिळक विद्यालयाची वाटचाल

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत, सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले. गिरगाव चौपाटीवर भर पावसात अंत्यसंस्कार झाले आणि परतीच्या वाटेवर महाराष्ट्राला एकच प्रश्न पडला होता : आता या माणसाच्या मागे आपण काय उभे करायचे? कुणी पुतळे उभारले, कुणी रस्त्यांना आणि मंडयांना त्यांचे नाव दिले, कुणी त्यांच्या नावाने निधी जमवला. तेव्हा मुंबईबाहेरचे एक छोटेसे उपनगर असलेल्या विलेपार्ल्याने शाळा काढली. लोकमान्यांना जाऊन वर्षही पुरे झाले नव्हते. जून १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले.

पुतळ्याला वर्षातून दोनदा हार घालतात, जयंतीला आणि पुण्यतिथीला. शाळेचे तसे नसते. ती रोज सकाळी उघडावी लागते. कुणीतरी फाटकाचे कुलूप काढायचे, कुणीतरी घंटा द्यायची, कुणीतरी खडू हातात घेऊन फळ्यावर तारीख लिहायची. एक दिवस जरी हे कुणी केले नाही, तरी त्या दिवसापुरते स्मारक नाहीसे होते. हे रोजचे उघडणे पार्ल्याने शंभर वर्षांहून अधिक काळ निभावले आहे. आपल्या शाळेचा इतिहास खऱ्या अर्थाने तोच आहे. इमारती, निकाल आणि समारंभ त्याच्या पोटात येतात.

शाळेआधीचे पार्ले

ही शाळा का निघाली हे समजण्यासाठी त्या वेळचे पार्ले डोळ्यांपुढे आणायला हवे. साष्टी बेटावरचे हे गाव. विर्लेश्वर आणि पार्लेश्वर या दोन देवळांवरून त्याला विलेपार्ले हे नाव पडले, असे जुने लोक सांगत आले. गावठाणात पूर्वापार राहणारी ख्रिस्ती कुटुंबे, जुहूच्या किनाऱ्यावरचे कोळी, आजूबाजूला भातशेती, आंब्याफणसाच्या वाड्या आणि विहिरी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, दाट वस्तीच्या चाळींतून माणसे बाहेर पडू लागली आणि साष्टीतल्या गावांकडे त्यांची नजर वळली. येथे हवा होती, जागा होती आणि रेल्वेही होती. कचेऱ्यांत, पेढ्यांत, बँकांत नोकरी करणारी मराठी आणि गुजराती कुटुंबे पार्ल्यात घरे बांधून किंवा भाड्याने घेऊन राहू लागली.

१९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा करण्यात आला. सरकारी कागदावर ‘उपनगर’ हा शब्द पक्का झाला. पण कागदावर नाव आल्याने गाव होत नाही. कर्ते पुरुष सकाळच्या गाडीने जात आणि संध्याकाळी अंधार पडता पडता परत येत. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेच्या त्या गाड्या तेव्हा कोळशावर चालत. कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेची गाडी धावू लागली ती १९२८ मध्ये. मोठ्या माणसांचे ठीक होते, पण मुलांनी शिकायचे कुठे? बांद्र्याला मिशनऱ्यांच्या शाळा होत्या, मराठी मुलांची नावाजलेली हायस्कुले गिरगावात होती. दहा-बारा वर्षांच्या मुलाला डबा देऊन आगगाडीत बसवायचे आणि तो सुखरूप परत येईपर्यंत आईने वाट पाहायची, असा तो काळ. ज्या वस्तीत शाळा नसते तिथे माणसे फक्त मुक्कामाला असतात. शाळा निघाली की वस्तीला मूळ धरता येते, कारण मग शेजाऱ्यांची ओळख मुलांच्या बाकावरून होते.

शिक्षकाच्या नावाची शाळा

लोकमान्यांचे स्मारक म्हणून शाळाच का, याचे उत्तर त्यांच्या चरित्रातच आहे. त्यांचे वडील गंगाधरपंत शिक्षक होते. टिळकांनी स्वतः सार्वजनिक आयुष्याला सुरुवात केली ती वर्तमानपत्राने नाही, शाळेने. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी २ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. ‘केसरी’ त्यानंतर एक वर्षाने, जानेवारी १८८१ मध्ये निघाला. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. १८९० मध्ये मतभेदांमुळे टिळक सोसायटीतून बाहेर पडले, पण तोपर्यंत आयुष्याची उमेदीची दहा वर्षे त्यांनी वर्गात घालवली होती. गणित आणि संस्कृत हे त्यांचे विषय. पुढे चतुःसूत्रीत स्वराज्य, स्वदेशी आणि बहिष्कार यांच्या जोडीला त्यांनी राष्ट्रीय शिक्षण ठेवले, ते या अनुभवातूनच. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिणारा हा पुढारी मुळात शिकवणारा माणूस होता.

१९२१ हे साल शाळा काढायला सोपे नव्हते. असहकाराची चळवळ ऐन भरात होती. टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे होते आणि त्यासाठी ३० जूनची मुदत होती. म्हणजे पार्ल्यात शाळेची पहिली घंटा झाली त्याच महिन्यात गावोगाव लोकमान्यांच्या नावाने झोळी फिरत होती. सरकारी शाळा सोडा, अशी हाक विद्यार्थ्यांना घातली गेली होती आणि ठिकठिकाणी राष्ट्रीय शाळा निघत होत्या. दुसरीकडे, माँटफर्ड सुधारणांनंतर शिक्षण खाते प्रथमच भारतीय मंत्र्याकडे आले होते. मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य. पालकांच्या मनात दोन्ही ओढी होत्या. मुलाने देशाचे व्हावे असे वाटत होते, आणि त्याने मॅट्रिक व्हावे असेही वाटत होते. टिळकांच्या नावाच्या शाळेने या दोन्ही ओढी सांभाळल्या. तिची मुले मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला बसली आणि कॉलेजात गेली; आणि ज्या नावाखाली ती शिकली ते नाव त्यांना वर्गातल्या पुस्तकापलीकडचे बरेच काही सांगत राहिले.

आजच्या पालकांना त्या वेळच्या इयत्ता नीट कळणार नाहीत, म्हणून सांगायला हवे. चार इयत्ता मराठी, त्यानंतर इंग्रजी पहिली ते इंग्रजी सातवी, आणि ही सातवी म्हणजेच मॅट्रिक. ‘मुलगा इंग्रजी तिसरीत आहे’ असे म्हटले की तो आजच्या हिशेबाने सातवीत असे. मॅट्रिकची परीक्षा हा घरादाराचा सोहळा आणि घोर होता. पास झालेल्याला रेल्वेत, पोस्टात, बँकेत नोकरीचा दरवाजा उघडे. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे, आणि ती मिळवणाऱ्याचे नाव पुढची कित्येक वर्षे आदराने घेतले जाई. उपनगरातल्या मुलाने गिरगावच्या मुलाच्या बरोबरीने त्या यादीत यावे, ही पार्ल्यासारख्या गावाची मोठी महत्त्वाकांक्षा होती.

शाळेभोवती गाव

शाळा निघाल्यानंतर दोन वर्षांनी, १९२३ मध्ये, पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. टिळक मंदिर म्हणून सारे पार्ले त्याला ओळखते. एकाच गावात, एकाच माणसाच्या नावाने, एक शाळा आणि एक लोकसंस्था अशी ही जोडी जमली. सकाळी मूल टिळक विद्यालयात आणि संध्याकाळी वडीलमंडळी टिळक मंदिरात, असे पार्ल्याचे चित्र तयार झाले. व्याख्याने, गायन, वाचनालय, सभा यांची सवय असलेल्या घरांतून मुले शाळेत येत. त्यामुळे शाळेला आपल्या चार भिंतींतच सगळे संस्कार करावे लागले नाहीत. गाव तिच्या मदतीला होते, आणि ती गावाच्या.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि विलेपार्ल्याचे नाव देशभर गेले. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला, गोकुळभाई भट्ट, बाळासाहेब खेर अशी मंडळी पार्ल्याच्या सत्याग्रह छावणीत होती. शाळा तेव्हा अवघी नऊ वर्षांची. ज्यांनी त्या काळात पार्ल्यात बालपण काढले, त्यांच्यासाठी स्वातंत्र्याची चळवळ हा इतिहासाचा धडा नव्हता. ती घरासमोरच्या रस्त्यावरून जात होती. मुले शाळेत टिळकांच्या तसबिरीखाली बसत आणि शाळा सुटल्यावर टिळकांनी सुरू केलेल्या लढ्याचे पुढचे पान डोळ्यांनी पाहत.

त्याच सुमारास गावाला आणखी एक ओळख मिळाली. १९२९ मध्ये पार्ल्यात गोळ्यांचा कारखाना निघाला आणि काही वर्षांनी तिथे बिस्किटेही भाजली जाऊ लागली. भाजलेल्या बिस्किटांचा तो गोड वास वाऱ्याबरोबर सगळ्या पार्ल्यात पसरे, वर्गांच्या खिडक्यांतून आत येई. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला त्या वासाने भूक चाळवली नाही असे मूल सापडायचे नाही. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला. पण माजी विद्यार्थी कुठेही भेटले, अगदी परदेशातही, की बोलणे फिरून त्या वासावर येते. वासाला असे गावाशी बांधून ठेवण्याची ताकद असते.

आणि विमाने. जुहूला १९२८ मध्ये विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पुढे सांताक्रुझचा विमानतळ वाढला आणि पार्ल्याच्या डोक्यावरून विमाने जाऊ लागली. शिकवता शिकवता बाई वाक्य मध्येच थांबवायच्या, विमान जाऊ द्यायच्या आणि जिथे सोडले तिथून पुढे सुरू करायच्या. मुलांनाही ते इतके सवयीचे झाले की त्या थांबण्यात कुणी दंगा करत नसे. शांतपणे वाट पाहणे आणि धागा न सोडणे हे पार्ल्याच्या वर्गात असे न शिकवता शिकले गेले.

एक विद्यार्थी

शाळेच्या इतिहासात विद्यार्थ्यांची नावे घालावीत की नाही, हा प्रश्नच आहे. हजारो मुले येऊन गेली. त्यांतली बहुतेक प्रामाणिकपणे नोकऱ्या करून, संसार सांभाळून, आपल्या मुलांना शिकवून जगली, आणि शाळेच्या दृष्टीने तेच तिचे मोठे यश आहे. तरीही एक नाव घेतल्याशिवाय पार्ल्याचा इतिहास पुरा होत नाही : पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे.

८ नोव्हेंबर १९१९ ला जन्मलेले पु. ल. जोगेश्वरीच्या सरस्वतीबागेतून लहानपणीच पार्ल्यात आले आणि टिळक विद्यालयात शिकले. त्यांचे आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे ‘ऋग्वेदी’, विद्वान लेखक. रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’चे ‘अभंग गीतांजली’ या नावाने त्यांनी मराठी रूपांतर केले. घरात पुस्तके, गावात गाणे आणि व्याख्याने, हातात पेटी. अशा घरातला मुलगा अशा गावातल्या अशा शाळेत आला. मॅट्रिकनंतर ते जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ कॉलेजात गेले. ते कॉलेज १९३० मध्ये निघाले होते, म्हणजे उपनगरातल्या मुलांना कॉलेजसाठी मुंबईची वाट धरावी लागू नये असे दिवस तेव्हा नुकतेच आले होते. पुढे पुलंनी मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षकी केली, मग प्राध्यापकी केली. नाटक, गाणे, रेडिओ, दूरदर्शन, रंगमंच, जिथे जिथे मराठी माणूस हसला, तिथे पु. ल. होते. ‘व्यक्ति आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९९० मध्ये पद्मभूषण, १९९६ मध्ये महाराष्ट्र भूषण.

त्याच ‘व्यक्ति आणि वल्ली’मध्ये चितळे मास्तर आहेत. मराठी मनात शिक्षकाची जी मूर्ती पक्की बसली आहे, ती बहुतांशी या मास्तरांची आहे : साधे कपडे, मुलांवर निरपेक्ष जीव, गरिबीतही ताठ कणा. चितळे मास्तर कुठल्या गावचे आणि कुठल्या शाळेचे, हा शोध घेण्याचे कारण नाही. पण शिक्षकाकडे इतक्या मायेने पाहणारी नजर ज्या मुलाला मिळाली, त्याला त्याच्या शाळेने काहीतरी दिले होते, एवढे निश्चित म्हणता येते. मुलाने शिक्षकाला असे आठवावे, याहून मोठी पदवी कुठल्याही शिक्षकाला मिळत नाही.

शाळेतून कॉलेज

स्वातंत्र्यानंतर पार्ले बदलू लागले. १९४९ मध्ये मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. आली. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द वाढली आणि पार्ले मुंबई शहराचा भाग झाले. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, विहिरींच्या जागी नळ आले. फाळणीनंतर निर्वासित आले, कोकण आणि देशावरून नोकरीसाठी माणसे आली, आणि एका वर्गाच्या दोन तुकड्या, दोनाच्या चार होऊ लागल्या.

शाळा चालवणाऱ्या पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनने या वाढीला मोठे उत्तर दिले. १९५९ मध्ये पार्ले कॉलेज निघाले, तेच आजचे साठ्ये महाविद्यालय. १९६० मध्ये, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, डहाणूकर वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. या दोन वर्षांचे महत्त्व पार्लेकरांना वेगळे सांगायला नको. पहिलीत आलेले मूल पार्ल्यातच शिकत शिकत पदवीधर होऊन बाहेर पडू शकेल, अशी सोय झाली. ज्या गावाने एकेकाळी आपली मुले डबा देऊन आगगाडीने गिरगावला पाठवली होती, त्याच गावाकडे आता अंधेरीहून, गोरेगावहून, मालाडहून मुले आगगाडीने येऊ लागली. चाळीस वर्षांत गाडीची दिशा बदलली.

अभ्यासक्रमाच्या आणि परीक्षांच्या उलथापालथी प्रत्येक पिढीच्या शिक्षकांना सोसाव्या लागल्या. १९६६ मध्ये महाराष्ट्राचे शिक्षण मंडळ स्थापन झाले. १९६७ मध्ये बालभारती आली आणि राज्यभरची मुले एकच पुस्तक वाचू लागली. गणितात संच शिरले आणि पालकांना मुलाचा गृहपाठ कळेनासा झाला. मग दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, आणि जुन्या अकरावीची मुलेही त्याच वर्षी परीक्षेला बसली. त्या वर्षीच्या कॉलेज प्रवेशांची गर्दी ज्यांनी पाहिली ते अजून सांगतात. या प्रत्येक बदलात वरून आदेश येतो, पण तो मुलाच्या वहीपर्यंत पोचवायचे काम वर्गातल्या शिक्षकालाच करावे लागते. जादा तास, सुट्टीतले वर्ग, रात्री घरी बसून तपासलेल्या उत्तरपत्रिका यांची नोंद कुठल्याही अहवालात होत नाही. निदान या स्मरणिकेत तरी ती व्हावी.

परंपरा म्हणजे काय

शाळेच्या परंपरा म्हटल्या की आधी समारंभ आठवतात. त्यांत १ ऑगस्टचा मान पहिला. महाराष्ट्रातल्या सगळ्याच शाळांत त्या दिवशी लोकमान्यांवर भाषणे होतात, पण त्यांच्याच नावाच्या शाळेत तो दिवस घरच्या कार्यासारखा असतो. शेंगांची टरफले आणि ‘संत’ शब्दाची तीन रूपे या दोन गोष्टी त्या दिवशी चुकत नाहीत. पाठ केलेले भाषण म्हणताना मूल मध्येच अडखळते, समोर बसलेल्या बाई ओठांनी पुढचा शब्द सुचवतात, आणि मूल पुढे जाते. शिक्षकांनी ती गोष्ट तीस वर्षे ऐकलेली असते. ते मूल मात्र पहिल्यांदा सांगत असते. दरवर्षी कुणीतरी पहिल्यांदा सांगते, म्हणून ती गोष्ट जुनी होत नाही.

जूनमधला शाळेचा पहिला दिवस हाही एक सणच. पाऊस नुकताच लागलेला, रेनकोट ओले, नव्या पुस्तकांना तपकिरी कव्हरे घालून वर नावाची चिठ्ठी चिकटवलेली. श्रावणात, भाद्रपदात वर्गातली हजेरी सणांप्रमाणे कमीजास्त व्हायची. नवरात्रात मुलींचा भोंडला, फेर धरून म्हटलेली गाणी आणि शेवटी खिरापत ओळखायचा खेळ. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती. तिच्यापुढे फूल ठेवून, पुस्तकांना हात लावून केलेला नमस्कार. डिसेंबरात स्नेहसंमेलन, ज्याला सगळे गॅदरिंगच म्हणत. नाटकाच्या तालमी, उसने आणलेले फेटे, रंगपटात घाबरून रडणारी मुले आणि स्टेजवर गेल्यावर वाघ होणारी तीच मुले. आणि मार्चच्या आधी दहावीच्या वर्गाचा निरोप समारंभ. ज्या मुलांनी वर्षभर शिक्षकांना हैराण केले, तीच मुले त्या दिवशी बोलता बोलता गप्प होत.

पण खरी परंपरा रोजच्या परिपाठात असते. रांगेत उभे राहणे, प्रार्थना, प्रतिज्ञा, दिनविशेष, फळ्यावरचा सुविचार, शेवटी पसायदान. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी, उन्हाळ्यात घामाने निथळत, मुले हे शब्द म्हणतात तेव्हा त्यांचा अर्थ त्यांना कळतोच असे नाही. अर्थ नंतर येतो. कधी तिशीत, कधी आईवडील गेल्यावर, कधी परगावी एकटे असताना तोंडात अचानक पसायदान येते, आणि मग कळते की हे आपल्या आत कुणीतरी शाळेत ठेवून दिले होते. तोवर ठेवणारे बरेचदा निवृत्त झालेले असतात.

शिपाईमामांचीही आठवण काढली पाहिजे. घंटा त्यांची, फाटक त्यांचे, हरवलेल्या छत्र्या आणि डबे त्यांच्याकडे. मुख्याध्यापक बदलतात, अभ्यासक्रम बदलतात. मामा कित्येक वर्षे तेच असतात. एखादे मूल उशिरा आले तर त्याचे कारण खरे आहे की बनवलेले, हे त्यांना चेहऱ्यावरून समजते. रोज उघडणाऱ्या या स्मारकाचे पहिले कुलूप त्यांच्याच हातून निघते.

नाव चालवणे

थोर माणसाचे नाव लावले की जबाबदारी वाढते, आणि तीत प्रामाणिकपणाचीही जबाबदारी असते. टिळकांचे देशप्रेम, त्यांची विद्वत्ता आणि निर्भयता यांचा वारसा शाळेने अभिमानाने सांगितला. पण मुलींच्या उच्च शिक्षणाबाबत १८८० च्या दशकात ‘केसरी’ने घेतलेली विरोधाची भूमिकाही इतिहासात नोंदलेली आहे. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले तेव्हा मुलींना मुलांसारखाच अभ्यासक्रम नको, असे टिळक लिहीत होते. आज त्यांच्याच नावाच्या शाळेत मुलगे आणि मुली एकाच वर्गात, एकाच पुस्तकातून शिकतात, आणि १ ऑगस्टला टिळकांवर भाषण करायला अनेकदा एखादी मुलगीच उभी असते. या दृश्यात मला लोकमान्यांचा अनादर दिसत नाही. ज्याने स्वराज्याचा हक्क मागायला शिकवले, त्याच्या नावाच्या घरात तो हक्क मुलींपर्यंत पोचला, असे मला दिसते. वारसा चालवणे म्हणजे पूर्वजांचे काय पुढे न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, याचा विचारपूर्वक निवाडा करणे. शाळेने तो निवाडा शब्दांत केला नाही. वर्गात मुलींना जागा देऊन केला.

शंभराव्या वर्षी बंद फाटक

२०२१ मध्ये शाळेला शंभर वर्षे पूर्ण झाली. एखाद्या संस्थेच्या आयुष्यात हा दिवस एकदाच येतो. त्याची स्वप्ने माजी विद्यार्थी, शिक्षक, पालक साऱ्यांनी पाहिली होती. पण त्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या शाळा बंद होत्या. मार्च २०२० मध्ये करोनामुळे वर्ग थांबले होते आणि शताब्दी आली ती रिकाम्या बाकांवर. मुले घरी, मोबाइलच्या काचेत, वर्गशिक्षकांचा आवाज अडकत अडकत येत होता. ज्या घरात एकच फोन होता आणि मुले दोन, त्या घरात एकाचा तास व्हायचा आणि दुसऱ्याचा बुडायचा. ज्या शिक्षकांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिले, त्यांनी पन्नाशी उलटल्यावर पडद्यावर लिहायला शिकून घेतले. संध्याकाळी फोन करून, अमुक मुलगा चार दिवस का दिसला नाही, याची चौकशी केली.

या स्मारकाची परीक्षा त्या दोन वर्षांत झाली. ते बंद झाले होते की उघडे होते? फाटकाला कुलूप होते हे खरे. पण हजेरी घेतली जात होती, गृहपाठ तपासला जात होता, आणि एखाद्या मुलाचा आवाज बऱ्याच दिवसांनी आला की शिक्षकांचा जीव भांड्यात पडत होता. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातल्या शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले. मुखपट्टी लावलेली, दीड वर्षात उंच झालेली, आवाज बदललेली मुले वर्गात आली. त्या सकाळी वाजलेली घंटा माझ्या मते शताब्दीचा खरा सोहळा होती. तिला हार नव्हते, पाहुणे नव्हते. शाळा उघडली, एवढेच. आणि १९२१ च्या जूनमध्येही झाले होते ते एवढेच.

पुढची घंटा

आज पार्ल्यात बंगल्यांच्या जागी उंच इमारती आहेत. मुंबईतल्या मराठी शाळांचे वर्ग कमी होत आहेत, काही शाळा बंद पडल्या आहेत. असोसिएशननेही इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवल्या, कारण पालकांची मागणी डोळ्यांआड करून संस्था चालत नाही. अनेक मराठी शाळांनी गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवणारी सेमी-इंग्रजीची वाट काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पण भाषेला खरा दर्जा मिळतो तो पाच वर्षांचे मूल पहिल्यांदा ‘अ’ काढते तेव्हा. तो दर्जा कुठलाही सरकारी ठराव देऊ शकत नाही. तो शाळा देते, आणि शाळेत मूल घालणारे पालक देतात.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना या स्मरणिकेच्या पानांवरून एक विनंती आहे. शाळेवरचे प्रेम आठवणींत ठेवू नका. एखाद्या शनिवारी या. वाचनालयात एक पुस्तक द्या, एखाद्या मुलाची फी भरा, ज्या विषयात आयुष्य घातले त्यावर एक तास शिकवा. तुमच्या बाई किंवा सर हयात असतील तर त्यांना भेटा. त्यांना तुमचे पद नको असते, तुमचे हजेरीपटावरचे नाव त्यांना अजून पाठ असते. पार्ल्यातल्या ज्या पालकांनी १९२१ मध्ये आपली मुले या नव्या शाळेत घातली, त्यांच्यापुढे शंभर वर्षांच्या इतिहासाचा आधार नव्हता. एका मोठ्या माणसाचे नाव आणि पार्ल्यातली काही कळकळीची माणसे, एवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. आपल्याजवळ तर त्याहून बरेच काही आहे.

पाऊस लागला आहे. उद्या सकाळी मामा फाटक उघडतील, कुणी बाई फळ्यावर तारीख लिहितील, आणि पहिलीतले एक मूल आईचा हात सोडून पहिल्यांदा आत जाईल. लोकमान्यांचे स्मारक त्या क्षणी पुन्हा उभे राहील.